डोंगल हरवल्याचे फोन

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, फोन उचलला की आलेच! परभणीत मी लायसनवाली सॉफ्टवेअरं विकतो. त्यांच्यासोबत पेनड्राइव्हएवढं एक डोंगल येतं. ते कॉम्प्युटरला लावलं तरच सॉफ्टवेअर उघडतं. नियम कडक. तुटलं तर तुकडे जमा करा, बदलून मिळेल. हरवलं तर सॉफ्टवेअर नव्यानं विकत घ्या! त्यामुळं फोन आला की मी आधी एकच विचारतो, तुटलं का हरवलं?

*

बोरीचे गंगाधरराव लग्नपत्रिका छापतात. ऐन लगीनसराईत त्यांचा फोन.

"साहेब, लय घोटाळा झाला. डोंगल शर्टाच्या खिशात ऱ्हायलं अन् धुवायला गेलं."

"आधी नीट वाळू द्या."

"वाळलंय हो. इस्त्री बी झाली!"

*

जिंतूरच्या एक इंजिनिअर मॅडम घरांचे नकाशे काढतात. खुर्चीचा धक्का लागून त्यांचं डोंगल मधोमध मोडलं. अर्धं हातात, अर्धं कॉम्प्युटरात अडकलेलं. ओढताना चुरा झाला तर जमा काय करणार? बाई अख्खा सीपीयू चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून एसटीनं परभणीला निघाल्या. खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायच्या. शेवटी कंडक्टर कळवळून म्हणाला, "ताई, लेकराला लय ताप हाय का?"

चिमट्यानं मी तो तुकडा हळूहळू ओढला. निघाला सबंध!

*

एका गृहस्थांनी डोंगल हरवू नये म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलं. मग मला फोन. "डोंगल हाय साहेब, जाग्यावरच हाय. कपाटाची किल्ली सापडंना!"

*

झरीच्या शाळेतले कांबळे सर इतिहास शिकवतात. त्यांना दिसत नाही. कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मीच दिलेलं. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"डोंगल हातातून पडलं, सापडंना. उद्या चाचणी हाय, पेपर टाईप करायचाय."

"आजच्या दिवस दुसऱ्या कुणाला सांगा ना, सर."

"बारा वर्षं झाली, माझा पेपर मीच काढतो."

मी गाडी काढली. पोचलो तर कॉम्प्युटरच्या खोलीत मुख्याध्यापक, शिपाई अन् दोन शिक्षक टेबलाखाली वाकलेले. सरांना त्यांनी खुर्चीत बसवून ठेवलेलं. "तुमी बसा सर, आमी बघायलोत ना!" मीही शोधायला लागलो. कपाटामागं पाहिलं, वायरींच्या गुंत्यात पाहिलं. अर्धा तास झाला. सर बसल्या जागी नुसते हात चोळत होते.

तेवढ्यात लाईट गेली. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, खोलीत मिट्ट काळोख.

"कुणी पाय हलवू नका! डोंगल चिरडल!" मुख्याध्यापक ओरडले. सगळे जागच्या जागी गार. मोबाईलसाठी आम्ही खिसे चाचपायला लागलो.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फरशीवरून तळहात फिरल्याची सावकाश सरसर. ती जवळ येत गेली, अन् माझ्या बुटापाशी थांबली.

"साहेब," कांबळे सर म्हणाले, "जरा डावा पाय उचला."