पाटावरची कादंबरी

एखादं पुस्तक गावात आलं की त्याच्यावर दुसरं पुस्तक व्हावं इतके किस्से जमतात. छापलेलं पुस्तक संपतं, हे दुसरं काही संपत नाही. निजामाच्या अमदानीत आमच्या पाथरीला एक विनोदी कादंबरी आली होती, तिचं असंच झालं. नागपूरला नोकरीत असलेला माझा मामा ती कपड्यांत गुंडाळून घेऊन आला. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलात राहणाऱ्या विनू नावाच्या मुलाची ती गोष्ट. हा विनू लेक्चरला झोपतो, मेसच्या आमटीशी भांडतो, दरवर्षी नापास होतो आणि तरी प्रोफेसरांचा लाडका असतो. तसं हसवणारं पुस्तक मी पुन्हा वाचलं नाही.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत जायचं की अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, किराणा दुकानात बसायचं, हे ठरायचं होतं. ठरवणार अप्पा. आणि एक वकीलसाहेब सोडले तर गावात कोणी युनिव्हर्सिटी पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे विनूचं पुस्तक हाच काय तो पुरावा. जो तो पुस्तकावर मत द्यायचा आणि त्या मताप्रमाणे मी कधी हैदराबादला पोचायचो, कधी गुळाच्या ढेपेशेजारी येऊन बसायचो!

*

प्रत एकच आणि वाचता येणारे थोडे. मग अप्पांनी महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर ते पुस्तक 'लावलं'. आमच्याकडे पोथी लावतात, अगदी तसं. पाटावर पुस्तक, शेजारी समई. मी वाचायचं आणि शंभूअप्पांनी अर्थ सांगायचा. शंभूअप्पांनी जन्मभर पोथ्यांचेच अर्थ सांगितलेले.

विनू मागच्या बाकावर घोरत पडतो, असं मी वाचलं. लोक हसायला लागले. शंभूअप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ही झोप साधी न्हाई," ते म्हणाले. "भवताली जगाचा गलबला चाललाय अन् ह्यो आत वळलाय."

दोघातिघांनी हात जोडले. पुढं विनू नापास झाला, तेव्हा तर शंभूअप्पांना भरूनच आलं. "नापास झाला तरी तोंडावरचं हसू हललं न्हाई. पोचलेला हाय पोरगा."

अप्पांनी हळूच विचारलं, "म्हंजे तिथं हे शिकवतेत?"

"येरवी कुठं शिकायला मिळतंय?" शंभूअप्पा म्हणाले. त्या दिवशी मी हैदराबादला पोचलो.

*

दुसऱ्याच दिवशी परत आलो. मेसच्या आमटीचा अध्याय होता. विनू वाटीत गळ टाकून डाळीचा दाणा धरायला बसतो, असा तो प्रसंग. ओसरीवर माणसं लोळायची बाकी राहिली होती. तेवढ्यात खांबापलीकडून, बायका बसायच्या तिथून, रडण्याचा आवाज आला. माझी आईच होती.

"त्याच्या मायला ठावं तरी हाय का, लेकरू काय खायलंय ते? अन् तुमी हसायलाव!"

शंभूअप्पांनासुद्धा अर्थ सुचेना. घरी येऊन आईनं शेंगदाण्याची चटणी कुटली, बरणी भरली आणि मामाला म्हणाली, "नागपूरला गेलास की त्या विनूला नेऊन दे. म्हणावं, मावशीनं दिलीय."

मामानं बरणी नेली. विनूनं बोटं चाटून खाल्ली, असा निरोपही पाठवला. पण आईचं म्हणणं पक्कं झालं होतं: जिथं डाळ मिळत नाही तिथं पोराला पाठवायचं नाही. मी पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोललो.

*

ते दिवस असे होते की चार माणसं जमली तरी सरकारला शंका यायची. ओसरीवर रोज गर्दी होते म्हटल्यावर ठाण्यातून करीमभाई नावाचा जवान येऊन पायरीवर बसू लागला. पहिले दोन दिवस तो रागानं ऐकायचा. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी येऊन समईत तेल आहे का ते बघायला लागला.

शेवटी शंभूअप्पांनीच त्याला विचारलं, "करीमभाई, वर काय सांगणार?"

"सरकार के खिलाफ कुच बी नै," करीमभाई म्हणाला. "जो है सो सब प्रोफेसरां के खिलाफ है."

मग जरा विचार करून म्हणाला, "मगर प्रोफेसर लोगां अच्छे हैं. इत्ते में तो हमारा जमादार बेल्ट निकालता."

*

वकीलसाहेब स्वतः हैदराबादला शिकलेले. त्यांचं मत पहिल्यापासून एकच. "निव्वळ अतिशयोक्ती. युनिव्हर्सिटीत असलं काही चालत नसतं." शेरवानीची बटणं लावून ते टेकून बसायचे आणि कधी हसायचे नाहीत.

एकदा हजेरीचा अध्याय लागला. विनू गैरहजर मित्रांच्या नावाला आवाज बदलून 'हजर' म्हणत असतो. मी वाचत होतो, "आणि मग प्रोफेसरांनी पुढचं नाव पुकारलं..." एवढ्यात वकीलसाहेब खदखदून हसले. विनोद तर अजून पुढच्या ओळीत होता.

अप्पांनी विचारलं, "वकीलसाहेब, तुमी हे पुस्तक आधी वाचलंय?"

"नाही."

"मग पुढं काय हाय ते कसं कळलं?"

वकीलसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला तेव्हापासून ते फार आवडू लागले.

*

अप्पा मात्र पुस्तकभर एकदाही हसले नाहीत. मान हलवून ऐकायचे, बस्स. समाप्तीचा नारळ फुटला आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ते मानवत रोड स्टेशनावर जाऊन गाडीत बसले. थेट हैदराबाद. युनिव्हर्सिटी डोळ्यांनी बघायला. नेमके ते परीक्षेचे दिवस, पण हे त्यांना कोण सांगणार?

परत आले तेव्हा सगळी मंडळी ओसरीवर वाटच बघत होती.

"पोरं बघितली," अप्पा म्हणाले. "झाडाखाली, जिन्यावर, जिथं तिथं मान खाली घालून बसलेली. एक बी हसंना. कोणी झोपलेलं न्हाई. लय हिंडलो, पर विनूसारखं एक बी दिसलं न्हाई."

"म्हणजे पुस्तक खोटं," वकीलसाहेब म्हणाले. "मी सांगतच होतो."

अप्पांनी पाटावरचं पुस्तक उचलून कपाळाला लावलं.

"पुस्तक कशाला खोटं असंल? ती पोरं चुकायलीत." मग खांबापलीकडं आईकडं बघत म्हणाले, "आपलं एक जाऊ दे तिकडं. हसणारं."