स्पृहाचा ओ

शिशुवर्गाचं ओळखपत्र गळ्यात घालून स्पृहा घरी आली आणि लालबागच्या त्या दोन खोल्यांतलं वातावरण बिघडलं. रक्तगट: ओ.

"तुझ्या सासऱ्याचा ए, माझ्या झिलाचा ए, तुझा बी," सासूबाई, आनंदीबाई, म्हणाल्या. "मग ह्या ओ खयसून इला?"

मेघनाने मटकी निवडता निवडता समजावलं. प्रत्येकाला आईकडून एक नि बापाकडून एक, असे दोन हिस्से मिळतात. ए किंवा बीसोबत ओ असला तर तो दबून राहतो, तपासणीत दिसत नाही. "हितेंद्रचा दबलेला ओ नि माझा दबलेला ओ, दोन्ही हिला मिळाले. म्हणून ही ओ."

"रगत बापाचाच येता," आनंदीबाई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मेघनाने नवऱ्याकडे पाहिलं. बँकेच्या फोनवर करतो तसं हितेंद्र नुसतं "हं, हं" करत होता.

"तू बोल ना काहीतरी."

"मी काय बोलू? आईचं काय मनावर घेतेस?"

त्यानंतर आठवडाभर तीच पोरीला शाळेत सोडत होती, तीच आणत होती. हितेंद्रला अचानक ऑफिसात फार काम निघालं. मेघना भांडी आपटून घासायची. शेजारच्या रमाबाईंनी "पोर कोणावर गेली गं?" असं सहज विचारलं, तरी तिच्या अंगाची आग व्हायची.

रविवारी चाळीखाली मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. यंदा दात्याला स्टीलचा डबा होता, म्हणून आनंदीबाईही रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची बाळंतपणं गावी सुईणीच्या हातची. रक्तगट कधी कुणी तपासलाच नव्हता. बोटाला सुई टोचली. रक्त कमी भरलं, त्यामुळे डबा हुकला. पण गट कळला. ओ.

हितेंद्र नि स्पृहासोबत बाजूला उभ्या मेघनाच्या कानांवर तो शब्द पडला आणि ती वाट बघत राहिली. आता सासूबाई काहीतरी म्हणतील.

म्हणाल्या. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "माझो ओ झिलान लपवून ठेवल्यान, नि नातीक दिल्यान. माझ्यार गेली गो बाय."

हितेंद्रने स्पृहाला उचलून खांद्यावर घेतलं. आठवड्यात पहिल्यांदाच. हसत हसत तो मेघनाकडे वळला. "बघितलंस? आईचाच निघाला."

"बघितलं," मेघना म्हणाली. "तुझा जीव भांड्यात पडला, तेही बघितलं."

आणि पोरीला त्याच्या खांद्यावरून उतरवून ती जिना चढू लागली.