गायरानातलं गोल्फ आणि गोपाळरावाची हिरवळ

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. कापसाच्या जिनातल्या सरकीसारखे ते आपोआप साचत जातात. कापूस गाठी बांधून परगावी निघून जातो आणि ढीग मागे राहतो. आमच्या खामगावच्या गोल्फचं तेच झालं. खेळ गेला, मैदान गेलं, किस्से राहिले. अजूनही कुठं बैठक जमली की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, तो म्हशीचा होऊ द्या!" मास्तर म्हणजे मी, शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. मग मी सांगतो. दर खेपेला म्हैस थोडी मोठी होते, एवढंच.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा तेव्हाची गोष्ट. परदेशी कापूस कंपन्यांचे गोरे एजंट हंगामात खामगावला मुक्काम ठोकून असत. गावाबाहेरच्या गायरानात त्यांनी नऊ खड्डे खणून गोल्फ मांडलं होतं. पुढे बाजार बसला, एजंट गेले, खड्डे राहिले. गावच्या कमिटीनं सांगून टाकलं की ज्याला खेळायचं असेल त्यानं खुशाल खेळावं, फक्त गुरांना त्रास व्हायला नको. गुरांनी आम्हाला त्रास द्यायचा की नाही, याबद्दल काही हुकूम नव्हता!

अशा तऱ्हेनं साहेबांचा खेळ फुकटात आमच्या पदरात पडला. आम्ही चौघं होतो. मी, काळ्याभोर जमिनीचे मालक असलेले पिंपळगाव राजाचे बापूसाहेब, एक वकीलसाहेब, ज्यांना कोर्टात बोलायला कमी मिळायचं म्हणून ते मैदानात बोलायचे, आणि जिनातल्या काट्यावर कापूस तोलून घेणारा गोपाळराव.

खड्ड्याभोवती जिथं हिरवळ हवी, तिथं आमच्याकडे वाळू होती. तिच्यावर इंजिनाचं जळकं तेल ओतून ती चोपून बसवलेली. चेंडू त्यावरून गेला की खर्रर्र आवाज यायचा, काचेवर नख ओढावं तसा. आम्हाला त्याचं काही नव्हतं. गोपाळरावाला मात्र जन्मात एकदा, एकदाच, खऱ्या हिरवळीवरून चेंडू लोटायचा होता. त्याच्यासमोर कुठलाही विषय काढा, तो फिरून तिथंच यायचा.

*

पहिली अडचण चेंडूंची. साहेबांनी मागे ठेवलेले चेंडू वर्षभरात गवतात आणि गुरांच्या पोटात गेले. मग आम्ही चांभाराकडून कातड्याचे शिवून घेतले. आत भरायला काय? जिनाच्या गावात विचारायचं कारण नाही. सरकी!

चेंडू झकास झाले. पण एक चेंडू पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याच्या काठी हरवला. शोधशोध शोधला, मिळाला नाही. दिवाळीच्या सुमाराला बापूसाहेब तिथून चालले होते, ते एकदम थांबले.

"मास्तर, हे पाह्य बे!"

चेंडूची शिवण उसवून त्यातून पऱ्हाटीचं झाड वर आलेलं, चांगलं कमरेइतकं, आणि बोंडं फुटलेली! बापूसाहेबांनी तिथल्या तिथं कापूस वेचला, चिमटीत धरून तंतू ओढून पाहिला आणि म्हणाले, "माल चांगला आहे. पुढच्या साली दोन-तीन चेंडू जास्त हरवा."

*

आता म्हैस. बुलढाण्याच्या कचेरीतली मंडळी एकदा मोटार करून आमच्याशी मॅच खेळायला आली. शेवटच्या खड्ड्यापर्यंत सामना बरोबरीत. गोपाळरावानं चेंडू मारला, तो बरोबर बसलेल्या म्हशीखाली गेला.

आमचा नियम होता, जनावर उठेपर्यंत थांबायचं. थांबलो. चहा झाला, विड्या झाल्या, वकीलसाहेबांची एक जुनी केस सांगून झाली. शेवटी म्हैस कंटाळून उठली. चेंडू कुठाय? तिच्या कुशीला चिखलात रुतून बसलेला! ती निघाली खड्ड्याच्या दिशेनं, मागे आम्ही सगळे, अगदी मिरवणुकीसारखे. खड्ड्यापाशी येऊन तिनं अंग झटकलं. चेंडू पडला, घरंगळला, आत!

कचेरीवाले भडकले. त्यांचे हेडक्लार्क म्हणाले, "हा फटका कोणाचा? म्हैस काय तुमच्या टीममध्ये आहे?"

वकीलसाहेबांनी कोटाचं बटण लावलं. "म्हैस खेळाडू नाही. वारा सुटला, चेंडू हलला, तर तुम्ही तक्रार करता? नाही ना? या गायरानात म्हैस म्हणजे हवामान!"

हेडक्लार्कनी वळून म्हशीकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला. कोर्टात न जिंकणारा आमचा वकील त्या दिवशी जिंकला, आणि गोपाळराव तिकडं खड्ड्याजवळ उकिडवा बसून होता.

"काऊन रे? जिंकलो ना आपण!" मी म्हटलं.

"जिंकलो. पण खर्रर्र झालंच ना," तो म्हणाला.

*

या खर्रर्रचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं एका म्हाताऱ्या इंग्रज अंमलदारानं. दौऱ्यावर असताना त्यानं खड्ड्यांवरचे आमचे झेंडे पाहिले आणि मोटार थांबवली. हॅट काढून दोन खड्डे खेळला. तेलाचा वास आला तसा मला विचारता झाला, हे कशासाठी? मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "साप येत नाहीत, साहेब." पुढे महिनाभर त्याच्या मुक्कामाच्या डाकबंगल्याच्या ओट्याभोवती जळकं तेल ओतलेलं दिसायचं. तिथला खानसामा अजून मला शिव्या देतो म्हणतात.

जाताना म्हातारा गोपाळरावाजवळ थांबला. म्हणाला, "आमच्या गावी चेंडू हिरवळीवरून जातो तेव्हा काही ऐकू येत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," असं म्हणून तो मोटारीत बसला. पण मोटार सुरू करायला सांगायचं विसरला. त्या वाळूकडे बघत तसाच बसून राहिला. ड्रायव्हरनं शेवटी आपल्याच मनानं हँडल मारलं.

त्या दिवसापासून गोपाळराव जिनात इंजिनाच्या घरघराटात उभा राहून ते "काहीच नाही" ऐकायचा प्रयत्न करायचा.

*

नागपूरला त्याच्या साडूच्या घरी लग्न निघालं. पंगत बसली आणि गोपाळराव गायब! बायको वैतागली, साडू रुसला. हा पठ्ठ्या टांगा करून साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर गेला होता. दरवानानं आत सोडलं नाही. मग तारेच्या कुंपणापाशी बसला, तारेतून हात घातला आणि जिलबीच्या वेळेपर्यंत गवतावरून हात फिरवत राहिला. परत आला तेव्हा बाहीला तारेनं ओरखडा आणि रुमालात चिमूटभर हिरवळ.

आम्ही सगळे जमलो. त्यानं रुमाल असा उघडला की आत अत्तराची कुपी असावी.

"हे पाह्य. साहेबाची हिरवळ."

बापूसाहेबांनी ती काडी उचलली, नाकाशी नेली, पेर मोडून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"अबे, हे तं हराळी हाये!"

"काय?"

"हराळी! माह्या बापानं जिंदगी घालवली हिले खोदता खोदता. मी नांगर घालून राह्यलो, जाळून राह्यलो, तरी बी येते. आन् साहेब लोक हिले पाणी घालते?"

"हाव," गोपाळराव हळूच म्हणाला. "पाणी घालते. आन् केस कापल्यासारखी कापते."

बापूसाहेब कपाळाला हात लावून खालीच बसले. "मंग मले काऊन नाही सांगितलं? फुकट पाठवली असती, बोटीनं!"

*

त्यानंतर गोपाळरावानं शेवटच्या खड्ड्याभोवतीची वाळू उपसली आणि तिथं हराळी लावली. जिनातून सुटला की ओढ्यावरून घागरीनं पाणी आणायचा. गुरं येऊ नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रस्त्यानं जाणारे शेतकरी थांबून पाहायचे. हराळी लावणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता! एका म्हातारीनं तर त्याच्या बायकोला निरोप धाडला, "बाई, त्याले जरा जपजो."

पहिल्या पावसानंतर चटईएवढी हिरवळ झाली. गोपाळराव म्हणाला, अजून आठवडाभर दम धरा, मग उद्घाटन.

तो आठवडा संपायला आला होता. आम्ही चौघं काट्यांच्या कुंपणाच्या आत बसलो होतो. चेंडू किती जोरानं लोटायचा यावर वकीलसाहेब आणि गोपाळराव हातघाईवर आलेले. मी दोघांनाही चढवत होतो. बापूसाहेब उकिडवे बसून पेरणीच्या गोष्टी सांगत होते. वाद संपला, गोपाळराव वळला आणि थांबला.

बापूसाहेबांच्या पुढं काळी, मोकळी, भुसभुशीत माती. बाजूला हराळीची चवड, मुळं उन्हाकडे करून नीट रचलेली, वाळायला. बोलता बोलता त्यांचे हात आपले चालूच होते!

गोपाळरावानं विचारलं, "मुळासकट निघाली?"

"एक काडी नाही ठेवली!" बापूसाहेब अभिमानानं म्हणाले. मग त्यांनी आपल्याच हातांकडे पाहिलं.

*

पुढच्या साली जिन बंद पडला. गोपाळराव हिंगणघाटला गिरणीत लागला. गायरानात बैलबाजार भरू लागला आणि खड्ड्यांत खुंट्या ठोकल्या गेल्या. बापूसाहेब खामगावला येईनासे झाले. आले तरी मैदानाच्या रस्त्यानं येत नसत.

बऱ्याच वर्षांनी गोपाळराव भाचीच्या साखरपुड्याला आला. केस पिकलेले, थोडा वाकलेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परत जायचं होतं. बापूसाहेबांची दमणी, ती हलकी बैलगाडी, माझ्या दारात हजर. निरोप एवढाच, "त्याले गोल्फची काठी घेऊन आणजा. पहाटे स्टेशनवर मी सोडीन."

वकीलसाहेबांना घेऊन आम्ही तिघं पिंपळगावला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बापूसाहेबांचं वावर म्हणजे आरसा. पऱ्हाटीच्या तासांत तणाची एक काडी दिसेल तर शपथ. त्यांचा सालदार गडी किसन माझ्या कानाशी लागला.

"मास्तर, मालकाले तुमीच समजवा. साऱ्या वावरातली हराळी आमाले खोदाले लावते, आन् तिकडं एक काडी उपटली तं अंगावर येते!"

विहिरीच्या मागे, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याला लागून, खळ्याएवढी गोल हिरवळ होती. मेंढ्या चारून चारून गालिच्यासारखी केलेली. मधोमध खड्डा, खड्ड्यात डबा, आणि पऱ्हाटीच्या काडीला लाल चिंधीचा झेंडा.

बापूसाहेब गोपाळरावाकडे न बघता म्हणाले, "जोडे काढ."

गोपाळरावानं जोडे काढले. हिरवळीवर पाय ठेवला, मग दुसरा. खिशातून चेंडू काढला, खाली ठेवला. डब्यापासून चार-पाच पावलांवर. गुडघे टेकून तळहात फिरवला. उठला, पलीकडून पाहून आला, काठी धरून उभा राहिला.

बापूसाहेबांनी हात वर करून मोट थांबवली. चाकाची कुरकुर बंद झाली. बैल उभे राहिले. वकीलसाहेबांनीसुद्धा तोंड मिटलं. आम्ही सगळे कान देऊन उभे.

गोपाळरावानं काठी चेंडूला टेकवली, परत उचलली. मग त्यानं चेंडू उचलला आणि कोटाच्या खिशात टाकला.

"काऊन बे? पहाटे तं गाडी हाये तुही!" वकीलसाहेब कुजबुजले.

"उद्या," गोपाळराव म्हणाला. "आज नाही. उद्या."

बापूसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, हिरवळीकडे पाहिलं. मग मोटेकडे तोंड करून ओरडले,

"किसन! सकाळी इथं पाणी फिरवजो रे! गोपाळराव खेळाले येऊन राह्यले!"