बाबुकाकांचा स्विच वर कोणी केला

शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७. वायरमनला दिले नऊशे रुपये. हजर होतो मी, बाबुकाका, हिराकाकी आणि नितीन वायरमन. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की माणूस हवेत बोलतोय. मी तलासरीच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो... अजूनही जातो. पण ह्या एका गोष्टीचा हिशेब लागत नाही.

बाबुकाका हे वडिलांचे चुलतभाऊ. सरावलीत आमच्या शेजारची वाडी सोडून त्यांचं घर. काही वर्षांपूर्वी स्वतःच्याच वाडीत चिकूच्या झाडावरून पडले, तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही. काकींना काचबिंदूमुळे फक्त उजेड आणि सावली कळते. काकांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आहे. तिचा पंप कायम चालू लागतो. लाइट गेली की गादी हळूहळू बसते आणि काका फळीवर येतात. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी अर्धा तासही टिकत नव्हती.

पावसाळ्यात बाथरूमचं वायरिंग बदललं तेव्हा नितीनने ईएलसीबी बसवला — कुठे करंट गळला तर सगळ्या घराची लाइट तोडणारा स्विच. चांगली गोष्ट. पण तो बसवला जुन्या बोर्डाच्या जागी, पॅसेजमध्ये दाराच्या चौकटीच्याही वर, काकांना पलंगावरून दिसत नाही तिथे. आणि तो पडायला लागला. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस काही नाही.

दोघांपैकी कोणाचाच हात पोचत नाही. एकदा काकांनी व्हीलचेअरवर बसून काकींच्या हातात चिकू काढायची काठी देऊन बघितली. "डावीकडे... अगं, माझ्या डावीकडे." काकी म्हणाल्या, "तुमचं डावं-उजवं लग्नापासून बदलतंय." स्विच काही वर झाला नाही. पडलेला स्विच आधी नीट खाली दाबावा लागतो, मगच वर जाऊन टिकतो. काठीचं काम नाही ते. म्हणजे मी किंवा माझी बायको जाणार, तेही आमच्याकडचं उंच स्टूल घेऊन. स्टूल तिथे ठेवलं तर काकी अडखळून पडतील, म्हणून ते आमच्याच पडवीत, जाळीला कुलूप लावून.

त्यांची मुलगी सुजाता वापीला असते. तिने फोनवर सांगितलं, "दादा, भाऊबीजेला येतेय. तोवर हे थांबलं नाही, तर दोघांना घेऊन जाणार." तिचं बोलणं चूक नव्हतं. पण तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. काका मला म्हणाले, "वर चढवायला चार माणसं मिळतील रे. खाली आणायलाही मिळतील... पण एकदाच."

म्हणून चौदा तारखेला नितीनला तिसऱ्यांदा बोलावलं. त्याने ईएलसीबीच नवा टाकला. म्हणाला, "आता पडला तर मिशी उतरवतो." संध्याकाळी पडला. काका मला म्हणाले, "दिलीप, वस्तरा आण."

सोमवारी बायको चिंचणीला माहेरी गेली होती, मी तलासरीला. अकराच्या सुमारास काकांचा फोन आला — "पडलाय. घाई नको करू." घाई नको म्हणजे काय ते मला कळतं. हाफ डे टाकून बाइक काढली. चारोटीला हायवेवर ट्रकांची रांग. पोचायला दीड तास लागला.

अंगणात पाय ठेवला तर पंखा फिरतोय. गादीचा पंप घुरघुरतोय.

काकी ओटीवर खुर्चीत होत्या. "काय विसरलास?"

"मी आत्ताच येतोय, काकी."

"आत्ता काय? मघाशी येऊन वर करून गेलास की. पाणीसुद्धा न घेता."

आतून काका म्हणाले, "हो रे, मी हाक मारली तर थांबलाही नाहीस."

मला वाटलं, लाइटच गेली असेल आणि परत आली असेल. समोरच्या दुकानात विचारलं. सकाळपासून लाइट गेलीच नव्हती. शेजारी विचारलं, कोणी आलं नव्हतं. घरी गेलो. कुलूप जागेवर, आत स्टूल जागेवर. मग चढला कशावर? त्या घरात दुसरं उंच काही नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पडवीत उभा होतो आणि कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होतो.

बुधवारी रजा घेतली. नितीनला म्हटलं, आज फॉल्ट सापडल्याशिवाय जायचं नाही. दुपारी स्विच पडला. आम्ही दोघांनी तो खाली पडलेला डोळ्यांनी बघितला.

"राहू दे तसाच," नितीन म्हणाला. "वर करू नका. मी मागची लाइन बघतो." मीटरचा फ्यूज काढायला हवा होता. ते त्याने नंतर स्वतःच कबूल केलं.

विहिरीचा पंप काढून बरीच वर्षं झाली होती, पण त्याची वायर बोर्डाला तशीच जोडलेली होती आणि चिकूच्या बुंध्याशी मातीत गेलेली. माती ओली. नितीनने खुरप्याने उकरली. वायरचं वरचं आवरण कुजलं होतं, आत तांबं दिसत होतं. तो स्टूल आडवं करून त्यावर बसलेला — माझ्याच स्टूलवर — आणि मी शेजारी. "हीच ती," म्हणत त्याने उघड्या तारेकडे हात नेला...

आणि खिडकीतून गादीचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला.

मी त्याचा दंड धरून मागे खेचला. दोघंही मातीत पडलो. तो ओरडला, "कोणी वर केला?" घरात काका आणि काकींशिवाय कोणी नव्हतं. मी तर त्याच्याजवळ होतो.

धावत आत गेलो. स्विच वर. काका पलंगावर, व्हीलचेअर कोपऱ्यात घडी घातलेली. काकी पॅसेजच्या तोंडाशी भिंतीला हात लावून उभ्या.

"दिलीपने वर केला ना," त्या काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. नितीन काही बोलणार होता, मी त्याला नजरेने थांबवलं.

त्याने मीटरचा फ्यूज काढला, ती जुनी वायर बोर्डापासून तोडली, आणि काकांच्या सांगण्यावरून सगळा बोर्ड खाली आणला — व्हीलचेअरवरून हात पोचेल इतका. त्यानंतर स्विच पडलेला नाही. भाऊबीजेला सुजाता आली, तिने स्वतः काकांना स्विच खाली-वर करायला लावलं. दोनदा. मग म्हणाली, "राहा बाबा." काकांनी तिच्या ताटातली करंजी उचलून खाल्ली.

ती गेल्यावर मी काकींना गाठलं. "काकी, तो मी नव्हतो."

"माहीत आहे. तू स्टूल फरशीवर ओढत आणतोस. त्याने दोन्ही वेळा काहीतरी उचलून अलगद ठेवलं."

"मग माझं नाव का घेतलंत?"

"तुझं नाव घेतलं की हे घाबरत नाहीत. दुसरं काही सांगितलं असतं, तर त्याच दिवशी वापीला निघाले असते."

"पण होता कोण?"

"मला काय दिसतं? सावली आली, गेली." त्यांनी कनवटीची शंभराची नोट काढून माझ्या हातात दिली. "दोन खेपा झाल्या त्याच्या. उपाशी गेला. देऊन टाक."

कोणाला, ते मी विचारलं. त्या आत निघून गेल्या.

त्याने दोनदा काकांची गादी वाचवली म्हणावं, तर दुसऱ्या वेळी नितीन जाता जाता राहिला. त्याला चांगलं म्हणू की काय म्हणू, मला ठरवता येत नाही. अजूनही ऑफिसात काकांचा फोन आला की उचलण्याआधी हात थांबतो.

नितीनला बुधवारच्या कामाचे दोन हजार दोनशे दिले. ती काकींची नोट वेगळ्या पाकिटात आहे. अजून कोणाला दिलेली नाही.