मंगळवारचा फोन

भात निसवत होतं त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मला ताप भरला आणि शुक्रवारपर्यंत मी कामावर नव्हते. ही रजा कार्यालयाला कळवली होती की नाही, याबद्दल दोन बाजू आहेत.

कार्यालय पनवेलला होतं. आमचं घर पळसदरीच्या अलीकडच्या गावात, धरणाच्या खालच्या अंगाला. मी एका वर्तमानपत्राला कर्जत तालुक्याच्या बातम्या देत होते. खालापूरला दुसरा बातमीदार होता. दोघंही कच्च्या नोकरीवर. पाऊस संपला की दोन्ही तालुके एकाकडे द्यायचे आणि दुसऱ्याला थांबवायचं, असं आम्हा दोघांना सांगण्यात आलं होतं. कुणाला ठेवायचं हे मुख्य उपसंपादक ठरवणार होते.

त्यांना सगळे साहेब म्हणत. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "आजारी पडायला माझी हरकत नाही. न कळवता आजारी पडायचं नाही." कळवण्याची रीतही त्यांनी ठरवून दिली होती. निरोप लिहून पाठवायचा नाही. फोन करायचा, स्वतः करायचा, दुपारच्या आत करायचा. पहिल्या वाक्यात काय झालं, दुसऱ्यात किती दिवस, तिसऱ्यात बातम्या कोण देणार. विशेषणं नकोत, भयंकर ताप नसतो, ताप असतो. आणि खोकायचं नाही. "फोनवर खोकणाऱ्यावर माझा विश्वास नाही. खरा आजारी माणूस फोन ठेवल्यावर खोकतो."

माझ्या आधीच्या बातमीदारानं 'तब्येत ठीक नाही' एवढाच निरोप पाठवला होता. त्याच संध्याकाळी शेलूच्या एका हळदीत तो नाचताना दिसला. त्या नाचाचा व्हिडिओ साहेबांपर्यंत पोहोचला आणि त्याची जागा मला मिळाली.

मंगळवारी नवरा पहिल्या पाळीला गेला. तो खोपोलीच्या बाजूला कारखान्यात आहे. मी उठले नाही म्हणून सासूबाई आत आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"चूल पेटवायची नाय आज," त्या म्हणाल्या. "तुज्यावरच भाकर भाजंल."

"ऑफिसला कळवायचंय."

"कळव गं. आदी पेज पी."

आमच्या घरात रेंज नाही. ओटीच्या टोकाला खांबाला टेकून उभं राहिलं तर थोडी येते. धरणाच्या भिंतीवर पूर्ण येते.

पुढचं मला आठवतं त्याच क्रमानं देते.

मी मागच्या दारानं अनवाणी बाहेर पडले. बांधावरून चालत होते. दोन्ही बाजूंना भात कमरेएवढं होतं आणि लोंब्यांचा पांढरा फुलोरा मनगटाला लागत होता. तो झटकला तरी जात नव्हता, आणि झटकावा असंही वाटत नव्हतं. पायाखालचा चिखल उबदार होता. धरणाची भिंत नेहमी चढावी लागते. त्या दिवशी ती स्वतःच खाली आली आणि मी वर उभी होते. पाणी काठोकाठ होतं. त्यात डोंगर उलटे उभे होते आणि त्यांच्या पायथ्याशी, म्हणजे सगळ्यात वर, ढग. पलीकडून एक मालगाडी घाटाकडे गेली. तिला मागून लावलेलं इंजिनही दिसलं. आवाज कशाचाच नव्हता.

साहेबांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. पलीकडच्या काठावर ते पाण्यात पाय सोडून बसलेले मला दिसत होते, बगळ्याएवढे लहान. मी तीन वाक्यं सांगितली. ताप आहे. तीन दिवस लागतील. बातम्या कोणी देणार नाही. खोकले नाही.

ते म्हणाले, "बरं. निजून राहा. पाणी शांत आहे."

परत आल्याचं आठवत नाही. जाग आली तेव्हा कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी होती आणि सासूबाई उशाशी बसून लसूण सोलत होत्या.

"कळवलंस का?" त्यांनी विचारलं.

"कळवलं."

"काय म्हनले?"

"निजून राहा म्हणाले. पाणी शांत आहे म्हणाले."

संध्याकाळी नवरा आला. त्यानंही तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. तो आईकडे वळला.

"ताप हाय," सासूबाई म्हणाल्या.

"हिला का साहेबाला?"

कळवून पडलेल्या माणसाला जी झोप लागते ती मला लागली. पत्र्यावर फांदी घासत होती ती कोणीतरी बातमी टाइप करत असल्यासारखी वाटे, आणि आपल्याला ती द्यायची नाही हे आठवून मी पुन्हा खाली जाई. खाली म्हणजे कुठे ते सांगता येणार नाही. तिथे उजेड हिरवट होता आणि सगळ्या सभा चालू होत्या. तालुक्याच्या एका सभेला धरणाचं पाणी स्वतः हजर राहिलं. ते खुर्च्यांमधून घोट्यापर्यंत आलं, कोणी उठलं नाही, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. मी तो लिहून घेतला. शाई पाण्यावर राहिली. भिवपुरीच्या बाजूनं दिवे एकेक करून पाण्याखालून येत होते आणि प्रत्येकाला गावाचं नाव होतं. सासूबाई मधूनच पेज घेऊन त्या सभेत येत. "उठ बाय, दोन घोट घे," म्हणत, आणि अध्यक्षांच्या समोरून निघून जात.

बुधवारी रिक्षानं कर्जतला नेलं. रक्त तपासलं. डेंग्यू नव्हता, हिवताप नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पडून राहायला सांगितलं. मी म्हटलं, तसं सांगितलंय आधीच.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. सासूबाईंनी तो सकाळी माझ्या उशीखालून काढून ओटीच्या टोकाला, खांबाजवळ चार्जिंगला लावला होता. तोवर त्यांनी माझा फोन कधी उचलला नव्हता. त्या फोन कानाला लावत नाहीत. समोर धरून मोठ्यानं बोलतात. पलीकडचं बोलणंही त्यामुळे घरभर ऐकू येतं. मी आतल्या खोलीत जागी होते.

"कोन?"

"तुम्ही कोण? हा फोन तुमच्या—" साहेबांनी माझं नाव घेतलं, मग वर्तमानपत्राचं.

"म्हंजे साहेब. मी सासू तिची. निजलीय ती."

"दुपारी?"

"तापाला दुपार नि सकाळ नसती साहेब."

"मावशी, तीन दिवस कर्जतची एक ओळ आलेली नाही. ताप आहे तर कळवायचं. आमच्याकडे नियम आहे. न कळवता जो माणूस—"

"कळवलं नाय कसं? मंगळवारी फोन केला ना तिनं. तुमीच म्हनलात, निजून राहा."

"मी?"

"तुमी. पानी शांत हाय म्हनलात."

पलीकडे पंख्याची खडखड ऐकू आली. पनवेलच्या कार्यालयातला तो पंखा मी ओळखते.

"काय शांत आहे?"

"पानी. कसलं ते तुमाला ठावं. मी इचारलं नाय. मोठी मानसं बोलत्यात कायबाय."

मी उठायचा प्रयत्न केला. हात बाजेच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. खालापूरच्या बातमीदाराचा चेहरा डोळ्यांसमोर आला. बरा माणूस होता, त्याला दोन मुलं होती, आणि त्या क्षणी दोन्ही तालुके त्याला मिळालेले होते.

"हो," साहेब म्हणाले. "म्हणालो होतो मी. विसरलो."

"इसरता कसं? पोर हितं तापात बातम्या बडबडतीय आनि तुमी तिकडं इसरून बसलाय. बदाम खात जा रोज."

"खातो मावशी."

"भिजवून."

"भिजवून. तिला सांगा, सोमवारी आली तरी चालेल."

सासूबाईंनी फोन बंद कसा करायचा ते शोधलं, मग तो तसाच पिशवीत ठेवला.

संध्याकाळी ताप उतरला. मी फोन मागून घेतला आणि मंगळवारची नोंद बघितली. मंगळवारी माझ्या फोनवरून कोणालाही फोन गेला नव्हता. सोमवारी संध्याकाळी गावातली वीज गेली होती ती बुधवारी आली. फोन सोमवारीच बंद पडला असावा. मी सासूबाईंना विचारलं, मंगळवारी मी धरणावर गेले तेव्हा तुम्ही कुठे होता?

"ओटीवर. वाल निवडत होते. कुटं गेली तू? कूस पन बदलली नाय. आनि मागचं दार मीच लावलेलं, कुतरं शिरतं म्हनून."

"मग मी फोन केला नाही."

त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "आनि त्यो हो का म्हनला?"

"माहीत नाही."

"मंग मी खोटं बोलले त्याच्याशी?"

"तुम्ही ऐकलं तेच सांगितलंत."

"ते झालंच. पन तू सांगितलेलं खोटं, म्हंजे मी बोलले ते पन खोटंच की गं."

नवरा दारात उभा होता. "त्यो हो म्हनलाय ना? मग कशाला उकरते? त्याला सांगितलंस की त्यो खालापूरवाला पेढे वाटायला लागंल."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. रजा कळवून घेतलेली आहे, असं जो ठरवणार होता तोच म्हणाला होता. कळवलेलं नाही हे घरातल्या तिघांपलीकडे कोणाला माहीत नव्हतं. रात्री जेवताना सासूबाईंनी मला पेजेबरोबर लोणच्याची फोड दिली, जी आजारपणात देत नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी खांबाला टेकून उभी राहिले. समोरच्या शेतात ऊन होतं आणि फुलोरा अजून होता. वारा आला की सगळं शेत एका बाजूला कलून पुन्हा सरळ होई. ते बघत राहिलं की आपणच हलतो आहोत असं वाटे. मी साहेबांचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजल्यावर त्यांनी उचलला.

"मंगळवारी मी फोन केला नव्हता," मी म्हटलं. "केला असं मला तापात वाटलं. सासूबाईंनी माझ्याकडून ऐकलं ते तुम्हाला सांगितलं."

पंख्याची खडखड.

"नक्की?"

"माझ्या फोनमध्ये नोंद नाही. फोन बंद होता. घराबाहेर मी गेले नव्हते, याला साक्षीदार आहे."

"कोण?"

"सासूबाई."

"कालच्याच?"

"हो."

"विश्वासार्ह वाटल्या," ते म्हणाले. मग पंख्याची खडखडही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. मी खांबाची बाजू बदलली.

"मंगळवारी मी कार्यालयात नव्हतो," साहेब म्हणाले. "घरी होतो. बुधवारीही. ताप होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, आला असेल तुमचा फोन. मी काहीही बोललो असेन. माझ्या बायकोला मी कोकणातल्या पुराची बातमी पहिल्या पानावर घ्यायला सांगितली होती. पूर नव्हता."

"तुमच्या फोनमध्ये नोंद असेल."

"असेल किंवा नसेल. बघितली नाही."

"तुम्ही कळवलं होतं?" मी विचारलं. हा प्रश्न त्यांना याआधी कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

"संपादकांना फोन केल्याचं मला पक्कं आठवतंय. 'पडून राहा' म्हणाले तेही आठवतंय. त्यांना विचारायचं राहिलंय."

मग त्यांना खोकला आला. तो त्यांनी दाबला. तरी ऐकू आला.

"सोमवारी खालापूरला पंचायत समितीची सभा आहे," ते म्हणाले. "तिथला आपला माणूस सुट्टीवर आहे. त्यानं रीतसर कळवलंय. तुम्हाला जमेल का?"

"जमेल."

"बसवेल तेवढा वेळ?"

"बसवेल."

"ठेवतो."

साहेबांना त्या दोन दिवशी खरोखर ताप होता की नाही, याची खात्री मी नंतरही करून घेतली नाही. कार्यालयात विचारता आलं असतं.

सोमवारी मी खालापूरला गेले. सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. तशी चार ओळींची बातमी पाठवली आणि ती लागली. दसऱ्यानंतर कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके माझ्याकडे देण्यात आले. कारण सांगण्यात आलं नाही.