नकाराचा सत्कार

आमच्या शाळेत एक पद्धत आहे. पर्यवेक्षकाची, म्हणजे हेडमास्तरांच्या खालची खुर्ची रिकामी झाली आणि सेवाज्येष्ठतेत पहिला नंबर बाईचा असला, की तिच्याकडून नकार लिहून घ्यायचा. ‘घरच्या अडचणीमुळे मला हे पद नको’, एवढंच. मग पुढच्या नंबरचे सर खुर्चीवर बसतात आणि बाई किती समजूतदार म्हणून सगळे कौतुक करतात. माझ्या आधी दोघींनी असं लिहून दिलं. त्यातली एक भेटली आणि शाळेचा विषय निघाला, की अजूनही घाईत असते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी खुर्ची रिकामी झाली आणि नंबर माझा होता. मला ती हवी होती. हवी म्हणजे हवीच, त्यात लाजायचं काय? दर वर्षी वेळापत्रकात गणित शेवटच्या तासाला येतं, पोरं पेंगतात आणि सांगायला गेलं की ‘बघू मॅडम’. घरी सासूबाईंचं दुखणं होतं, मुलगी दहावीत जाणार होती. पण ते सगळं मी गणित शिकवतानाही करतच होते की!

हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा ‘सांगते’ म्हटलं. घरी विषय कसा काढावा या घोळात काही दिवस गेले.

शाळेच्या शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे जमले. टेबलावर शाल आणि नारळ. मला वाटलं, कुणी रिटायर होतंय. हेडमास्तर उभे राहिले. ‘आपल्या मॅडमनी कुटुंबासाठी जो त्याग केला...’ आणि नाव घेतलं ते माझं! शाल खांद्यावर पडली, टाळ्या वाजल्या.

‘सर, मी काही लिहून दिलेलं नाही,’ मी हळूच म्हटलं.

‘अहो, तुमच्या मिस्टरांशी फोनवर बोललो मी. ते म्हणाले, देईल ती. सही काय, नंतर करा.’

अंगाची लाही लाही झाली. मी शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. ‘नकार मी देणार नाही. पद मला पाहिजे.’ आवाज मोठा निघाला. टाळ्या वाजवणारे सगळे, बायकासुद्धा, नारळाकडे बघत बसले.

संध्याकाळी नवरा सावंगीच्या दवाखान्यातली ड्युटी करून आला, तोवर बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

‘चार लोकांत माही इज्जत घालवली तुनं. मी शब्द देल्ला होता त्याह्यले.’

‘माह्या नोकरीचा शब्द तुम्ही काऊन देल्ला? मले इचारलं का?’

‘आईकडे कोण पाहीन? पोरीची दहावी हाय.’

‘मंग तुम्ही पाहा ना थोडं!’

आतून सासूबाई म्हणाल्या, ‘हळू बोला, शेजारचे आयकून राह्यले.’ त्या कुणाच्या बाजूनं होत्या, मला अजून कळलेलं नाही.

पद मला मिळालं, नियम माझ्या बाजूचा होता. गणित सकाळच्या तासाला आलं. नवरा मात्र तेव्हापासून कामापुरतं बोलतो. आज शाळेत काय झालं, असं विचारत नाही. जिवाला लागतं ते, खोटं कशाला बोलू? भांडला असता तरी चाललं असतं.

परवा नागपूरच्या प्रशिक्षणासाठी आमच्या विज्ञानाच्या मॅडमचं नाव निघालं. तरुण, हुशार पोरगी, लेकरू लहान. त्या दिवशी ती रजेवर होती. हेडमास्तर म्हणाले, ‘तिच्या मिस्टरांना एक फोन करून घ्या मॅडम. नंतर गोंधळ नको.’

‘मिस्टरांना कशाला? जायचं तिला आहे.’ मी त्यांच्यासमोरच तिला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर ठेवला.

ती इतकी खूश झाली! ‘खरंच मॅडम? माझं नाव?’ मग आवाज खाली आणला.

‘ह्यांना विचारून सांगते मॅडम. नाहीतर... तुम्हीच बोलता का ह्यांच्याशी?’

हेडमास्तर खिडकीबाहेर बघून हसले.