भर धरणात बंद पडलेलं इंजिन आणि मावशीची भाऊबीज

भाऊबीजेला मावशीला बोटीतून माहेरी न्यायचं, हे मी आणि दीपकदादानं फराळ करता करता ठरवलं. दीपकदादा हा मावशीचा मुलगा, नारायणगावचा बागायतदार. टोमॅटोला एकदा बरा भाव मिळाला आणि गड्यानं हौसेनं जुनी मोटरबोट घेतली. मामांचं घर पिंपळगाव जोगा धरणाच्या पलीकडच्या काठाला. अर्धांगामुळे मामा घरातच, आणि मावशीच्या गुडघ्यांना तिकडच्या रस्त्याची चढण झेपत नाही. दोन दिवाळ्या ओवाळणी हुकली होती.

नारायणगावहून ओतूरमार्गे मढपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे काठापर्यंत नुसते खड्डे. खाणंपिणं ओतूरलाच उरकून घ्या.

बोट भर पाण्यात पोचली आणि इंजिन खोकून बंद पडलं. वारा समोरून. वल्हं एकच, त्यानं बोट पुढे जाईना.

"मागं फिरायचं न्हाई," मावशीनं बजावलं. "भाऊ वाट बघतोय."

दादानं दोरी ओढली. इंजिन जरा चाललं, पुन्हा गप्प. बोटीच्या पंख्यात गवत नव्हतं, प्लग पुसला, जीपमधून आणलेली पेट्रोलची सुटी टाकी भरलेली होती.

"कार्बोरेटर गेला, राव," म्हणत दादानं हात टेकले. माझं डोकंच फिरलं. समोर मामांचं घर दिसत असताना परत फिरायचं? तेवढ्यात टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा, दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा दिसला. चोखलेल्या आंब्यासारखा चपटा! म्हणजे टाकीत हवाच शिरत नव्हती. झाकण फिरवलं तसं फुस्स झालं, आणि झाकणाखालून निघाली चक्क दुधाची पिशवी. झाकणाला हवेसाठी असलेलं भोक तिनं बुजवलं होतं.

"ही कुणी घातली?"

"मी," मावशी म्हणाली. "जीपमधी पेट्रोल सांडत व्हतं. फराळाला वास लागला असता. राकेलच्या डब्याला लावतो तशी लावली. चुकलं का?"

"आई!" म्हणत दादानं पिशवी उपटून काढली.

झाकण परत लावलं, फुगा दाबून भरला, दोरी मीच ओढली. इंजिन असं गरजलं की मी उभी राहून नाचायलाच लागले. दादानं ओरडून खाली बसवलं.

मामांना बाजेसकट काठावर आणलं होतं. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून आम्ही सगळे कडं करून उभे राहिलो. मामा रडले, मावशी रडली, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले.

तुम्ही बोटीनं जाणार असाल तर लाइफ जॅकेट आणि दोन वल्ही न्याच. पुण्यात परतून आठवडा झाला, दोरी ओढून भरलेला खांदा अजून दुखतो, पण दुखणं मिरवावंसं वाटतंय. काल मावशीचा फोन आला. आवाज भलताच खणखणीत.

"दर भाऊबीजेला येते म्हणून भावाला सांगून टाकलंय. कसं न्यायचं ते तुमी दोघं बघा."